फोटो उघडेना, अर्ज भरेना

शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले, जातीच्या दाखल्याची धावपळ लागली किंवा हजचे फॉर्म निघाले, की या सदराकडे येणारे प्रश्न एकाच वळणाचे असतात. जिंतूरहून एक भगिनी विचारतात, पाथरीहून एक विद्यार्थी विचारतो, पालम तालुक्यातून एक शेतकरी बंधू विचारतात, ‘ॲपमध्ये फोटो निवडायला गेलो की पांढरा पडदा येतो, चक्र फिरत राहते आणि ॲप आपोआप बंद पडते. मोबाईल खराब झाला का? नवा घ्यावा लागेल का?’

नवा मोबाईल घेण्याआधी थोडे थांबावे, असे आमचे सांगणे आहे. हा दोष बऱ्याचदा मोबाईलचा नसतो. ॲप बनवणाऱ्याने गॅलरीतून फोटो कसा मागवला यावर सगळे अवलंबून असते, आणि थोडेसे आपण गॅलरी कशी ठेवतो यावर. या महिन्यात दोन्ही बाजू समजून घेऊ. आपल्या घरांतील जी मुले-मुली पुण्यात, संभाजीनगरात किंवा घरी बसून ॲप बनवण्याचे काम करतात, त्यांच्यासाठीही एक भाग राखला आहे.

फोटो आता कागदाच्या जागी आला आहे

पूर्वी फोटो म्हणजे निकाहाचा अल्बम आणि ईदच्या दिवशी स्टुडिओत जाऊन काढलेली एक तसबीर. आता फोटो हाच कागद झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून सोयाबीन, कापूस, तुरीचा फोटो ॲपमधून काढायचा आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढवायची, अशी ती पद्धत. पुढे हमीभावाची खरेदी असो वा नुकसानभरपाई, ही नोंद विचारली जाते. हजसाठीही आता ऑनलाइन अर्जासोबत स्वतःचा फोटो आणि पासपोर्टची पाने जोडावी लागतात. २०२४ पासून ‘हज सुविधा’ नावाचे ॲपही हाजींच्या हातात आले आहे.

मराठवाड्यातील आपल्या घरांना आणखी एक गोष्ट लागू होते. बागवान, कुरेशी, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या बिरादरींना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे दादाजान किंवा परदादांच्या शाळेचा उतारा, महसुलाचा कागद हे पुष्कळदा उर्दूत असतात. पेटीतला तो एक पिवळा कागद, त्याची घडी फाटत आलेली, आणि त्याचा फोटो घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये. तो फोटो वेळेवर उघडला नाही, किंवा उघडला पण अक्षरे पुसट आली, तर मुलीच्या प्रवेशाची तारीख निघून जाते. म्हणून हा विषय केवळ ॲप बनवणाऱ्यांचा नाही, घराचाही आहे.

एका फोटोचे वजन किती?

आता हिशेब पाहू. साध्या मोबाईलचा कॅमेराही आज १२ मेगापिक्सेलचा फोटो सहज काढतो. म्हणजे आडवे ४००० ठिपके आणि उभे ३०००, एकूण १ कोटी २० लाख ठिपके. मोबाईलमध्ये साठवताना हा फोटो दाबून बांधलेला असतो, म्हणून त्याची फाइल साधारण ३ ते ४ एमबीची दिसते. पण पडद्यावर दाखवायचा तर ती गाठ सोडावी लागते. सोडल्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट जागा लागते. १ कोटी २० लाख गुणिले ४, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट, साधारण ४८ एमबी. फाइल ४ एमबीची, पण उघडल्यावर रॅममध्ये ती ४८ एमबी जागा धरते. पाण्यात भिजवलेल्या चण्यासारखी गत.

गॅलरीत मात्र आपण एकच फोटो पाहत नाही. एका ओळीत ३ आणि खाली ६ ओळी धरल्या तर एका नजरेत १८ फोटो दिसतात. ॲपने हे अठराही पूर्ण आकारात उघडले तर १८ गुणिले ४८, म्हणजे ८६४ एमबी. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ३ किंवा ४ जीबी रॅमचे मोबाईल असतात आणि त्यातली बरीचशी रॅम फोनच्या स्वतःच्या कारभारातच गुंतलेली असते. अशा वेळी मोबाईल त्या ॲपला सरळ बंद करून टाकतो. आपल्याला वाटते ॲप ‘उडाले’. प्रत्यक्षात मोबाईलने बाकीची कामे वाचवण्यासाठी त्याला बाहेर काढलेले असते.

खरे तर एवढे उघडण्याची गरजच नसते. स्वस्त मोबाईलच्या पडद्याची रुंदी ७२० ठिपक्यांची असते. ओळीत ३ फोटो, म्हणजे एकाला २४० ठिपके. २४० गुणिले २४० गुणिले ४ केले की एका लहान चित्राला २ लाख ३० हजार बाइट लागतात, पाव एमबीपेक्षाही कमी. अशी अठरा चित्रे मिळून सव्वाचार एमबीच्या आत बसतात. ८६४ कुठे आणि सव्वाचार कुठे!

मोंढ्यात व्यापारी सोयाबीन पाहतो तेव्हा सगळी पोती रिकामी करत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतो, पसंत पडले तर पुढचा व्यवहार. गॅलरीतही तसेच व्हावे. आधी प्रत्येक फोटोचे लहान रूप दाखवावे, आणि आपण ज्यावर बोट ठेवू तेवढाच पूर्ण उघडावा. या लहान रूपाला ‘थंबनेल’ म्हणतात. व्हॉट्सॲपवर फोटो उतरवण्याआधी जो पुसटसा आकार दिसतो, तो याच जातीचा.

बंगळूरच्या नासिर अहमदांचे गणित

फोटो दाबून बांधण्याची जी युक्ती वर सांगितली, तिच्यामागे आपल्याच देशातल्या एका मुलाचे डोके आहे, हे आपल्या घरांत फारसे ठाऊक नाही. डॉ. नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा, बंगळूरचा. तिथेच अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत गेले, न्यू मेक्सिको विद्यापीठातून १९६६ मध्ये पीएच.डी. झाले आणि पुढे कॅन्सस राज्यातील विद्यापीठात शिकवू लागले. चित्रातील माहिती कमी आकड्यांत कशी मांडता येईल, याचा त्यांना ध्यास होता. १९७२ मध्ये त्यांनी या अभ्यासासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले. प्रस्ताव नामंजूर झाला. पण त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या दोन भारतीय सहकाऱ्यांसह त्यांनी आपले गणित जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’. १९९२ मध्ये जेपेग नावाचा फोटोचा नमुना ठरला, तो याच गणितावर उभा राहिला. आज आपल्या मोबाईलमधले बहुतेक फोटो जेपेग असतात.

या गणिताची एक गंमत आपल्या विषयाच्या कामाची आहे. जेपेग फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातील ६४ ठिपक्यांचे ६४ आकडे बनतात, आणि त्यातला पहिला आकडा त्या चौकोनाची सरासरी सांगतो. बाकीचे आकडे बारकावे सांगतात, त्यातले डोळ्यांना न जाणवणारे पुष्कळसे सोडून देता येतात, म्हणून फाइल लहान होते. आता लहान चित्र हवे असेल तर सगळे आकडे सोडवत बसायचे कशाला? प्रत्येक चौकोनाचा पहिला आकडा घेतला तरी ४००० बाय ३००० चा फोटो ५०० बाय ३७५ चा होऊन हाती येतो. ४८ एमबीच्या जागी पाऊण एमबी. फोटो दाबण्यासाठी शोधलेले गणित फोटो लवकर दाखवण्यासाठीही असे कामी येते. ॲप बनवणाऱ्याने फक्त तशी मागणी करायला हवी.

ॲप बनवणाऱ्या मुला-मुलींसाठी

एकदा लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारी ॲप बनवण्यासाठी ‘रिॲक्ट नेटिव्ह’ हा सांगाडा पुष्कळ तरुण वापरतात. फेसबुकने तो २०१५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. गॅलरीतील फोटो जड होऊन ॲप पडण्याची तक्रार अशा सांगाड्यांच्या पाठीशी पहिल्यापासून आहे, आणि ती कमी करण्यासाठी त्यात सुधारणाही होत आल्या. आयफोनवर २०१४ मध्ये ॲपलने फोटोंचा कारभार नव्या पद्धतीने मांडला. तिथे ॲपला ‘अमुक मापाचा फोटो दे’ असे सांगता येते. रिॲक्ट नेटिव्ह फोटोच्या चौकटीचे माप पाहून तेवढ्याच मापाचा फोटो मागतो. पण चौकटीचे माप कळले नाही तर पूर्ण मापाचा फोटो मागवला जातो. पुष्कळ ॲप इथेच अडखळतात. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिली, प्रत्येक फोटोच्या चौकटीला रुंदी आणि उंची ठरवून द्यावी. ‘आपोआप बसेल’ यावर सोडू नये.

दुसरी, अँड्रॉइडवर गॅलरीतला मोठा फोटो लहान चौकटीत दाखवायचा असेल तर ‘रिसाइझमेथड’ या खुणेला ‘रिसाइझ’ असे सांगावे. मग फोटो पूर्ण उघडून नंतर आक्रसण्याऐवजी उघडण्याआधीच लहान केला जातो.

तिसरी, तीन हजार फोटोंची यादी एकदम मागवू नये. पन्नास-पन्नास करून मागवावी, आणि ‘फ्लॅटलिस्ट’सारखी यादी वापरावी. पडद्याच्या जवळपासच्याच ओळी ती तयार ठेवते, दूर गेलेल्या सोडून देते. बोटाने भरभर सरकवताना मागे राहिलेल्या फोटोंची मागणी रद्द झाली पाहिजे, नाहीतर न दिसणाऱ्या फोटोंसाठी मोबाईल राबत राहतो.

चौथी, फोटो मजकुराच्या रूपात, म्हणजे ‘बेस सिक्स्टीफोर’ करून, इकडून तिकडे नेऊ नये. त्याने आकार एक तृतीयांशाने वाढतो आणि रॅमवर दुहेरी बोजा पडतो. फाइलचा पत्ता द्यावा, फाइल तिथेच राहू द्यावी.

पाचवी, फोटो पाठवण्याआधी मोबाईलमध्येच योग्य मापाचा करावा. फॉर्मला २०० केबी हवे असतील तर ते काम ॲपने करावे. सोनपेठच्या एखाद्या आईने त्यासाठी दुकानात जाऊन वीस-तीस रुपये का मोजावेत? फोटो आडवा काढला की उभा, याची खूण फोटोतच लिहिलेली असते. माप बदलताना ती खूण हरवली तर फोटो आडवा पडतो आणि अर्ज परत येतो, तेही पाहावे.

सहावी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. ॲपची तपासणी स्वतःच्या महागड्या मोबाईलवर करून थांबू नये. घरातल्या सर्वांत जुन्या मोबाईलवर, चार हजार फोटोंनी भरलेल्या गॅलरीवर आणि गावाकडच्या रेंजवर करावी. तिथे चालले तर सगळीकडे चालेल. अर्ज करणाऱ्याच्या हक्काची गोष्ट त्याच्या मोबाईलच्या किमतीवर अडू नये, ही जबाबदारी हे काम करणाऱ्यांची आहे.

सगळी गॅलरी कशाला मागता?

आता घरातल्या वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे असा भाग. आपल्या गॅलरीत अम्मी, बहिणी, सुना यांचे फोटो असतात, आधार कार्ड, बँकेचे पासबुक असते. एक फोटो जोडण्यासाठी ॲपला पूर्ण गॅलरीची किल्ली देण्याची गरज नाही. आयफोनमध्ये २०२० पासून ‘निवडलेले फोटो’ एवढीच परवानगी देता येते. अँड्रॉइडमध्ये २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून फोनची स्वतःची फोटो निवडण्याची खिडकी आली. त्या खिडकीतून आपण जो फोटो निवडू तेवढाच ॲपच्या हाती पडतो, बाकीची गॅलरी त्याला दिसतही नाही. या खिडकीचा दुसरा फायदा असा की लहान चित्रे दाखवण्याचे काम फोन स्वतः करतो, त्यामुळे ॲप अडखळत नाही. इज्जत आणि वेग, दोन्ही एकाच उपायाने सांभाळले जातात.

झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपनी लोकांची गॅलरी आणि संपर्कयादी उचलून पुढे धमक्या दिल्याचे प्रकार देशभर झाले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधील फाइल, फोटो, संपर्कयादी आणि कॉलची नोंद यांना हात लावण्यास मनाई केली. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा लागला तर तोही संमती घेऊन, एकदाच. म्हणून एखादे कर्जाचे ॲप ‘सर्व फोटोंना परवानगी द्या’ म्हणाले तर तिथेच ते काढून टाकावे. घरातल्या तरुण मुलांना हे आवर्जून सांगावे, कारण अशा ॲपच्या नादी तेच आधी लागतात.

घरात काय करावे

ॲप कसेही बनवलेले असो, आपल्या हातातही काही उपाय आहेत.

महत्त्वाच्या कागदांचे फोटो गॅलरीत लग्न, दावत आणि ‘सुप्रभात’च्या गर्दीत ठेवू नयेत. ‘कागदपत्रे’ नावाचा वेगळा अल्बम करावा. त्यात प्रत्येकाचे आधार, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, निकाहनामा, सातबारा, जुने उर्दू उतारे ठेवावेत. फोटो निवडताना आधी तो अल्बम उघडावा, म्हणजे हजारो फोटो सरकवत बसावे लागत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटांतून येणारे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरू देऊ नयेत. सेटिंगमध्ये ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद करता येते. गॅलरीचा निम्मा भार इथेच कमी होतो.

जुन्या कागदाचा फोटो कुणाला पाठवायचा असेल तर तो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवू नये. व्हॉट्सॲप त्याला आक्रसून पाठवते आणि उर्दूचे नुक्ते, शिक्क्यावरची बारीक अक्षरे विरघळून जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे तो जसाच्या तसा पोचतो. मात्र घरातील माणसांचे फोटो अनोळखी माणसाला अशा रीतीने पाठवू नयेत. मोबाईलमध्ये ठिकाणाची नोंद सुरू असेल तर फोटो कुठे काढला तेही त्या फाइलसोबत जाते.

मूळ मोठा फोटो कधीही पुसू नये. अर्जासाठी लहान केलेली प्रत वेगळी ठेवावी. लहान केलेल्या फोटोतून गेलेले बारकावे पुन्हा आणता येत नाहीत.

फोटो ‘क्लाउड’वर ठेवून मोबाईलमधून काढले असतील तर अर्ज भरायच्या आदल्या दिवशी, चांगल्या रेंजमध्ये, हवे ते फोटो मोबाईलवर उतरवून घ्यावेत. ऐन वेळी चक्र फिरत राहते ते बऱ्याचदा यामुळेच. गूगलच्या खात्यात फुकटची जागा १५ जीबीच असते आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. जागा भरली की नवे फोटो वर चढणे थांबते, आणि घरच्यांना ते मोबाईल हरवल्यावरच कळते. म्हणून कागदांच्या अल्बमची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा घरातल्या दुसऱ्या मोबाईलमध्येही असावी.

ॲप तरीही बंद पडत असेल तर बाकीची उघडी ॲप बंद करावीत, मोबाईल एकदा बंद करून सुरू करावा आणि मगच फोटो जोडावा. रॅम मोकळी झाली की अडलेले काम पुष्कळदा होऊन जाते. शेवटच्या तारखेची वाट तर पाहूच नये. त्या दिवशी गर्दी असते आणि मोबाईलसोबत संकेतस्थळही दमलेले असते.

आणि ज्या ॲपमध्ये वारंवार अडचण येते, त्याच्या पानावर जाऊन दोन ओळींची तक्रार जरूर लिहावी. मोबाईल कोणता, रॅम किती, कोणत्या पायरीवर ॲप बंद पडले, एवढे लिहिले तरी बनवणाऱ्याला दोष शोधायला सोपे जाते. मराठीत लिहिले तरी चालते. घरातल्या शिकलेल्या मुलीने आपल्या दादीच्या वतीने ते लिहून दिले तर गावातल्या अनेक दादींचे काम सोपे होईल.

पुढील अंकात जुन्या उर्दू कागदांचे फोटो घरच्या घरी कसे काढावेत, उजेड कुठून घ्यावा, घडी पडलेला कागद कसा पसरावा आणि पुसट शाई वाचण्याजोगी कशी करावी, याविषयी लिहू. तोपर्यंत कागदपत्रांचा अल्बम तयार ठेवावा.